तिसरा ठिपका

कुलसूम गल्लीत शिरली ती ओढणीच्या टोकाला काहीतरी जड बांधून. गुजरांवाल्याच्या त्या भागात ओढणीला जड गाठ मारून बाई दोनच कामांसाठी येते, दागिना मोडायला नाहीतर गियर दाखवायला. सोनार पलीकडच्या गल्लीत बसायचे, तेव्हा आपल्याकडेच काम आहे हे सिराज दीनने ओळखलं. चेहरा त्याला नीट दिसला नव्हता. तो तिला चपलेच्या आवाजावरून ओळखायचा. बापासारखीच एक पाय जरासा ओढत चालायची.

"ये गं, ये. जगत राहा. म्हशी बऱ्या आहेत?"

"म्हशी बऱ्या आहेत चाचा. यासीनचं विचारू नका."

यासीन तिचा नवरा. पहाटे मोटरसायकलला दुधाचे चार कॅन लटकवून तो शहरभर रतीब घालायचा. मोटरसायकल कुलसूमच्या बापाची, फजल हुसैनची. फजल जाऊन शेहेचाळीस दिवस झाले होते.

"कालव्याच्या पुलावर चढ लागला की दुसरा गियर निसटतो," ती म्हणाली. "मागे चार कॅन हेलकावतात, पुढे टाकीवर आमचा बिल्लू बसलेला. त्याला शाळेत सोडूनच पुढे जातात ना. परवा दोघं कठड्यापाशी जाऊन थांबले. बाजारातून नवा गियर आणला होता, डब्यावर वाघाचं चित्र होतं. एकोणीस दिवस टिकला वाघ."

"मऊ असतात ते. भाकरीसारखे."

"म्हणून जुनाच पुन्हा भरून आणलाय, सियालकोट रोडच्या वेल्डरकडून. आता तुम्ही पाणी दिलंत की झालं."

सिराजने गियर तळहातावर घेतला. झिजलेल्या खुंटांवर नवं लोखंड चढवून घासलं होतं, काम बरं होतं. मग सवयीने त्याचा अंगठा गियरच्या आतल्या कडेवर फिरला आणि तिथेच थबकला. दोन ठिपके. अर्ध्या चंद्रासारखे.

ते ठिपके गल्लीत कोणीही डोळे मिटून ओळखले असते. फजल वेल्डर होता आणि सिराज आगवाला. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून, मधल्या भिंतीत दोन विटा काढून केलेलं भोक. झिजलेला गियर फजल वेल्डिंगने भरायचा, कानशीने घासून दात्याला दाता आणायचा आणि भोकातून इकडे सरकवायचा. सिराज तो कोळशाच्या पुडीत, हाडाच्या भुकटीत घालून लोखंडी पेटीत बंद करायचा, पेटीला मातीचं लिंपण करून भट्टीत ठेवायचा, आणि मग एकेक गियर पुन्हा तापवून बुडवायचा. म्हणायचं पाणी देणं आणि बुडवायचं तेलात, एवढंच काय ते गुपित. बत्तीस वर्षं दोघं त्या भोकातून एकमेकांना गियर आणि शिव्या देत आले होते.

प्रत्येक भरलेल्या गियरवर, पाणी द्यायच्या आधी, फजल पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक ठिपका मारायचा. पाणी दिल्यावर तिथे पंच उठत नाही, उलट पंचाचंच टोक उडतं. तो पंच सिराजनेच त्याला दिलेला. दुकान थाटल्याच्या पहिल्याच आठवड्यात, दोस्तीची भेट म्हणून. सिराजचा हात तेव्हा कच्चा होता, पाणी जास्त कडक झालं आणि तिसऱ्याच ठोक्याला टोकाचा अर्धा भाग उडाला. फजलने जन्मभर दुसरा पंच घेतला नाही. "हा तुझ्या पहिल्या चुकीचा चंद्र," म्हणायचा. "गुजरांवाल्यातल्या निम्म्या मोटरसायकलींच्या पोटात उगवून ठेवलाय मी."

आणि त्याचा एक कायदा होता. दोन ठिपक्यांचा गियर पुन्हा भरायचा नाही. "दोनदा मेलेलं लोखंड तिसऱ्यांदा उठवू नये. उठतं, पण मग ते आपलं राहत नाही." एकदा एका पैलवानाचा गियर भट्टीत मऊ करून साफ केला, तर मळाखालून दोन चंद्र निघाले. पैलवानाने हात जोडले, मग दंड दाखवले. फजलने त्याच्यासमोर पंच ठेवून खाडकन तिसरा ठिपका मारला आणि गियर नाल्यात भिरकावला. तिसरा ठिपका म्हणजे भंगार. तो मारलेला गियर शहरातला एकही वेल्डर हातात घेत नसे.

"हा दोनदा झालाय कुलसूम."

"माहीत आहे," ती खाली मान घालून म्हणाली. "अब्बांनीच केला होता दोन्ही वेळा. पण गाडी अब्बांची आहे चाचा. आणि सगळे म्हणतात, हल्ली तुमचा हात पूर्वीपेक्षाही चांगला चाललाय."

सिराजने गियर पुन्हा अंगठ्याखाली फिरवला. हात चांगला चाललाय हे खरं होतं. तो कोणाचा हात होता, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे खाल्ले. अगदी अंधार नाही झाला. माणसं, भिंती, सांडस, सगळं धुरकट दिसायचं. पण रंग गेले. आणि आगवाल्याचं सगळं पोट रंगावर. लोखंड तापत तापत आधी विटेच्या रंगाचं होतं, मग डाळिंबाच्या दाण्याचं. तिथे बुडवलं तर बुडवलं. तो पळ हुकला की गाजर, आणि मग मालटा संत्रं. गाजरात काढलं तर गियर ठिसूळ होतो, मालट्यात काढलं तर काचेसारखा. ठिसूळ गियर धावत्या गाडीत फुटतो, मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं आणि माणूस ट्रकखाली जातो. उजेडात हे रंग फसवतात, म्हणून भर दुपारीसुद्धा शटर ओढून, दिवा घालवून काळोख करायचा असतो. त्या काळोखात सिराजला सगळे रंग सारखेच दिसू लागले, पाण्यात कालवलेल्या राखेसारखे.

त्याने कोणालाच सांगितलं नाही. ज्या दिवशी सांगायचं ठरवलं त्याच दिवशी, सांडस धरून तो काळोखात उभा असताना, भोकातून फजल खोकला. वेल्डिंगच्या धुराने त्याची छाती कधीच गेली होती, दाढेखाली लवंग धरून दिवसभर खोकायचाच. पण हा खोकला वेगळा होता. दोनदा, मोजून. सिराजने गियर बुडवला. कानस लावली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. अव्वल काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. दोन वर्षं. ना फजल काही बोलला, ना सिराजने विचारलं. एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या त्या दोन तोंडांना एवढी एक गोष्ट बोलता आली नाही.

मग फजल गेला. मातीहून परतल्यावर चौथ्या दिवशी सिराजने शेवटची म्हणून भट्टी लावली. हा एवढा गियर हातून खराब होऊ दे, मग कुलूप. शटर ओढलं, दिवा घालवला. घरघर ब्लोअर, जळक्या हाडाचा वास... आणि त्या वासातून हळूच लवंग आली. पलीकडचं दुकान बंद होतं, किल्ली कुलसूमकडे होती. भोकात मिट्ट काळोख.

खँ... खँ.

हात आपोआप हलला. तेल फुत्कारलं. कानस घसरली.

त्या दुपारी त्याने पलीकडच्या कुलपावर बोटं फिरवून पाहिली. कुलपावर कोळ्याने जाळं धरलं होतं, ते शाबूत होतं. त्याने मौलवींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी पढून फुंकर मारली असती, खोकला थांबला असता, मग खायचं काय? पहिला आठवडा त्याला घाम फुटायचा. दुसऱ्या आठवड्यात तो भोकाकडे पाठ करून उभा राहायला शिकला. तिसऱ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "आज उशीर केलास रे, जन्नतमधली हूर सोडवेना का?" आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो काळोखात एकटाच हसला.

म्हणून आज दोन ठिपके अंगठ्याखाली असूनही त्याने गियर परत दिला नाही. कायदा परक्यांसाठी असतो, त्याने मनाशी म्हटलं. ही फजलची पोर, गाडी फजलची, टाकीवर बसणारा नातू फजलचा. इथे तर तो जीव ओतून खोकेल.

"उद्या दुपारी ये," तो म्हणाला. "पहाटेच पेटी लावतो."

"येते. पण मी आत थांबणार. लहानपणी थांबायचे तशी."

सिराजने नाइलाजाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा नाल्यात बसली होती. कुलसूम उपड्या डब्यावर बसली. सिराजने पेटी फोडून गियर काढला, निखाऱ्यात सांडशीने धरला, शटर ओढलं आणि दिवा घालवला.

काळोख झाला. शटरच्या फटीतून येणारी उजेडाची रेघही त्याने पोतं लावून बुजवली होती. ब्लोअर घरघरत होता. तेलाचा, घामाचा, जळक्या हाडाचा वास दाटत गेला.

"चाचा," कुलसूम हळूच म्हणाली, "लवंगेचा वास येतोय..."

"येतो. गप्प बस."

"पण दुकान तर मी..."

"गप्प बस म्हटलं ना."

सिराज भोकाकडे कान लावून उभा राहिला. आज वास नेहमीपेक्षा गडद होता, कोणी अगदी तोंडाशी तोंड आणून श्वास सोडावा इतका.

"विटेचा झाला," ती पुटपुटली. रंगांची नावं तिला बापाने त्याच भोकाशी बसवून शिकवली होती, अक्षरांच्या आधी.

सिराजने सांडस घट्ट धरली.

"डाळिंब... चाचा, डाळिंब झालं. काढा."

खोकला नव्हता.

"अजून नाही," तो म्हणाला.

"झालं चाचा! बघा ना, समोर तर आहे..."

"मी सांगतो ना, अजून नाही." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तो भोकाकडे वळला आणि कुजबुजला, "फजल्या, तुझी पोर आहे रे. खोक की."

पलीकडे कोणीतरी श्वास रोखून धरला होता. श्वास रोखलेला ऐकू येत नाही, पण बत्तीस वर्षांच्या शेजाऱ्याचा ऐकू येतो.

"कोणाशी बोलताय तुम्ही...?" कुलसूमने विचारलं. मग ती एकदम उभी राहिली, डबा कलंडला. "गाजर! चाचा, गाजर झालं, काढा..."

तेव्हा मात्र सिराजचा धीर सुटला. त्याने सांडस ओढली. सांडस हलेना. निखाऱ्यात अडकली असेल म्हणून त्याने हिसडा दिला. अडकलेलं लोखंड हिसड्याला खटखटतं. हे तसं नव्हतं. त्या टोकाला कोणीतरी शांतपणे धरून ठेवलं होतं, चिडलेल्या पोराचं मनगट थोरल्याने धरावं तसं. दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं.

"सोड..." तो म्हणाला. "सोड रे..."

"मालटा," कुलसूम रडत म्हणाली. "गेला चाचा. मालटा झाला."

आणि सांडस सुटली. इतकी अचानक की सिराज मागच्या मागे पडता पडता वाचला. तोल जाता जाता त्याने गियर तेलात घातला. तेल फुत्कारलं, धूर झाला. लवंगेचा वास त्या धुरात विरून गेला.

मग कुलसूमनेच दिवा लावला आणि शटर हातभर वर केलं.

सिराजने गियर पुसला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडीने हलकेच टिचकी मारली. चांगला गियर वाटीसारखा वाजतो. हा 'ठक' म्हणाला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"फुटीत काय दिसतं, सांग," तो म्हणाला.

"तुम्हीच बघा ना."

"तू सांग."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग एक तुकडा उचलून उजेडात धरला. "खडे आहेत. साखरेसारखे, चकाकणारे."

"ते आजचे. जास्त तापला त्याचे. आणखी?"

"आणखी..." ती थांबली. "एका बाजूला काळी रेघ आहे. खालपासून निम्म्यापर्यंत गेलीय. चकाकत नाही ती."

सिराजने हातोडी खाली ठेवली. काळी रेघ म्हणजे जुनी चीर. मागच्या कधीतरीची, लोखंडाच्या पोटातली, जिच्यावर नवं वेल्डिंग छान शालीसारखं पांघरलेलं. आज डाळिंबात बुडवला असता तर गियर वाटीसारखा नसता वाजला कदाचित, पण कानस घसरली असती आणि कानस घसरली की सिराज हसून 'घेऊन जा' म्हणाला असता. संध्याकाळी तो गाडीत बसला असता. आणि मग एखाद्या सकाळी, कालव्याच्या पुलावर, चार कॅनांच्या ओझ्याखाली...

"बिल्लू पुढे बसतो," कुलसूम म्हणाली. एवढंच.

"पोरी," सिराज म्हणाला, "मला रंग दिसत नाहीत. दोन वर्षं झाली."

"आत्ताच कळलं मला ते. पण मग दोन वर्षं हे सगळं..."

"तुझा बाप खोकायचा. डाळिंब झालं की दोनदा. मी बुडवायचो."

कुलसूम ओढणी तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "आणि अम्मी त्यांना काढे पाजून पाजून थकली! रात्री उठून छाती शेकायची!"

"खोकला खोटा नव्हता गं. वेळेवर यायचा एवढंच." सिराजने बाहीने नाक पुसलं. "मी त्याला एकदा शुक्रिया म्हटलं नाही. शेवटी इस्पितळात गेलो तेव्हाही, तुझ्याकडून माझे कोळशाचे तीन डबे यायचेत म्हणालो. माझ्यासारखा नालायक माणूस नसेल. आणि काल तर त्याचा कायदाही मोडला, त्याच्याच पोरीसाठी."

"पण चाचा..." तिचं हसू थांबलं. "अब्बा जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले. हे सत्तेचाळीस दिवस तुम्ही..."

गियरचा दुसरा तुकडा सिराजच्या हातात होता आणि अंगठा सवयीने आतल्या कडेवर फिरत होता. एक चंद्र. दुसरा चंद्र. अंगठा पुढे सरकला आणि परत आला. त्याने पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

"कुलसूम. किती ठिपके आहेत यावर?"

"दोन. तुम्हीच तर काल..." ती वाकली. "तीन."

"काल दोन होते."

"काल दोन होते," ती म्हणाली. "मी आणताना पुसला होता. दोनच होते चाचा."

सिराजने कानस घेतली आणि तिसऱ्या ठिपक्याच्या काठावर जोर लावून ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. इतक्या कडक लोखंडावर पंच उठत नाही. मऊ होता तेव्हाच कधीतरी उठलेला. म्हणजे पेटीत, मातीच्या लिंपणाआड, किंवा मघाशी, निखाऱ्यात. ठिपका अर्ध्या चंद्राचा होता. त्याची बोटं ती कोर ओळखत होती, ती त्याच्याच पहिल्या चुकीची होती.

"पंच कुठे आहे त्याचा?" त्याने विचारलं.

"आत. अब्बांना इस्पितळात नेलं त्या दिवशी मीच चिंधीत गुंडाळून, गाठ मारून बिस्किटांच्या डब्यात ठेवला."

दोघं पलीकडे गेली. कुलसूमने ओढणीतून किल्ली सोडली. कुलपावरचं जाळं तिने बोटाने बाजूला केलं, ते अजूनही शाबूत होतं. शटर कुरकुरत वर गेलं. आत सगळ्यावर धुळीचा एकसारखा थर होता. डब्यावरही होता. तिने झाकण काढलं, चिंधी बाहेर घेतली, गाठ सोडली. गाठ तिच्याच हातची, दोन पदरांची होती.

"हाच ना?" तिने पंच त्याच्या हातात दिला.

सिराजने टोकाला बोट लावलं. तुटकी कोर जागेवर होती. पंच उन्हाळ्यात सगळं लोखंड असतं तेवढाच कोमट होता, की जरा जास्त, हे त्याला सांगता येईना.

"टोकाचा रंग सांग," तो म्हणाला.

कुलसूमने पंच दाराशी नेला, उन्हात धरला. बत्तीस वर्षांपूर्वी सिराजने ते टोक गवती पिवळ्यावर सोडलं होतं, आणि पंच नुसता डब्यात पडून राहिला तर शंभर वर्षांतही तो रंग बदलत नाही. त्यासाठी टोक लाल लोखंडाला टेकावं लागतं, आणि थोडा वेळ तिथेच राहावं लागतं.

"निळं आहे चाचा," ती म्हणाली. "मोराच्या मानेसारखं."

भिंतीतल्या भोकातून सिराजच्या भट्टीची धग येत होती. सिराज थोडा वेळ तिकडे तोंड करून उभा राहिला.

"ठेव परत जागेवर," तो म्हणाला. "त्याला अजून लागेल."

कुलसूमने पंच पुन्हा चिंधीत गुंडाळला. या वेळी तिने गाठ मारली नाही.